सुट्टी, गाणी आणि लाइव्ह कॉन्सर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आवडत्या बँडचे आणि गायकांचे जमतील तेवढे कार्यक्रम गाठायचे, अशा बेतात असलेल्या कॉलेजकरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. खिशाला किती भुर्दंड पडणार हे जो तो मोजतो. कानांचंही आठवड्याचं रेशन ठरलेलं असतं, ते मात्र सहसा कोणी मोजत नाही. म्हणून इथे कानांविषयीची उत्तरं लांबली आहेत आणि कपड्यांविषयी एक ओळही नाही.

एका सुट्टीत किती कॉन्सर्ट झेपतात?

मोठे तीन-चार, आणि मधल्या दिवसांत छोट्या हॉलमधले जमतील तेवढे. फेस्टिव्हल असेल तर तो एकटाच दोन मोठ्या कॉन्सर्टच्या बरोबरीचा धरा. खर्च मांडताना कागदावर पाच रकाने पाडा: तिकीट, त्यावरचं सेवाशुल्क, जाणं-येणं, मुक्काम, आतलं खाणं-पाणी. जाहिरातीत फक्त पहिला आकडा दिसतो. बेत कोलमडतो तो उरलेल्या चारांमुळे.

तिकिटाच्याही आधी परतीची शेवटची गाडी बघा. मुख्य कलाकार दीड ते दोन तास गातो, आणि मोठ्या स्टेडियममधून रस्त्यावर यायला पाऊण तास सहज जातो. शेवटची गाडी त्यात बसत नसेल, तर मुक्काम हा तिकिटाचाच भाग समजायचा.

सलग दोन रात्री दोन कॉन्सर्ट ठेवू नका. आदल्या रात्रीचे थकलेले कान वरचे सूर नीट पकडत नाहीत. मग सगळं गढूळ ऐकू येतं आणि शिव्या बसतात बिचाऱ्या साउंड इंजिनिअरला.

स्टेडियम चांगलं की छोटा हॉल?

आवडता गायक स्टेडियममध्येच गात असेल तर प्रश्नच मिटला. निवड हातात असेल तर दोन-तीनशे माणसांचा हॉल घ्या. गायकाने घेतलेला श्वास, तारेवरून सरकणारं बोट, ड्रमरने काठ्या आपटून मोजलेले चार ठोके, हे सगळं तिथे ऐकू येतं. स्टेडियममध्ये बराचसा वेळ स्क्रीन बघण्यातच जातो. मात्र हॉल लहान म्हणजे आवाजही लहान, असं समजू नका. बुटकं छत, जवळच्या भिंती आणि हाकेच्याही अलीकडे ड्रमसेट; स्टेडियमच्या मागच्या रांगेपेक्षा इथे कानांवर जास्त मारा होतो.

मुख्य कलाकार नेमका किती वाजता येतो?

तिकिटावरची वेळ बहुधा दारं उघडण्याची असते. त्यानंतर साधारण तासाभराने सुरुवातीचा बँड येतो आणि अर्धा-पाऊण तास वाजवतो. मग स्टेज बदलायला वीस ते तीस मिनिटं. म्हणजे दार सातला उघडणार असेल तर मुख्य कार्यक्रम नऊच्या आसपास. पाणी भरणं, स्वच्छतागृह, इअरप्लग घालणं ही कामं स्टेज बदलण्याच्या वेळात उरकायची. त्यातही पहिल्या पाच मिनिटांत गेलात तर रांग लांब, शेवटच्या पाचात गेलात तर पहिलं गाणं हुकलं. मधला वेळ साधा.

फेस्टिव्हलमध्ये चार स्टेज एकाच वेळी चालू असतात. वेळापत्रक कसं आखायचं?

दिवसाला चार, फार तर पाच कार्यक्रम पूर्ण ऐकायचे असं ठरवा. बाकीचे जाता-येता कानावर पडतील तेवढे. आधी न चुकवण्याचे दोन पक्के करा, मग नकाशा घेऊन त्या दोन स्टेजमधलं अंतर बघा. रिकाम्या मैदानात पाच मिनिटांची वाट गर्दीत पंधरा-वीस मिनिटं खाते.

फेस्टिव्हलमध्ये बहुतेक बँडना आधी येऊन साउंडचेक करायला मिळत नाही. फक्त लाइन चेक होतो, म्हणजे प्रत्येक माइक आणि वायर चालू आहे ना एवढंच तपासतात. त्यामुळे पहिली एक-दोन गाणी मिक्स बसवण्यातच जातात. गाणं दुसरं चालू असताना "काय भिकार साउंड आहे" म्हणून निघून जाणाऱ्यांचं तिसरं गाणं हुकतं.

विक्री उघडल्या उघडल्या तिकिटं संपतात. काय करावं?

आदल्या दिवशी खातं उघडून लॉग इन होतंय ना ते बघा आणि पैसे भरण्याची माहिती साठवून ठेवा. पहिली पसंती आणि दुसरी पसंती कागदावर लिहा. आसनांचा नकाशा समोर आल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो. विक्रीआधी दहा-पंधरा मिनिटं वेबसाइटवरच्या वेटिंग रूममध्ये, म्हणजे विक्री उघडेपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या पानावर, जा. बऱ्याच ठिकाणी विक्री उघडते त्या क्षणी वेटिंग रूममधल्या सगळ्यांचे क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरतात. तिथे तास-दीड तास आधी जाऊन बसण्यात फायदा नाही, पण एक मिनिट उशीर झाला तर पार शेपटाला.

रांगेत असताना पान रिफ्रेश करू नका, क्रमांक जाण्याची भीती असते. एकाच खात्याने चार टॅब उघडणंही नको. यंत्रणा तुम्हाला बॉट समजून बाहेर काढू शकते. तिकीट कार्टमध्ये आलं की घड्याळ चालू होतं. मित्रांच्या ग्रुपवर "घेऊ का रे?" विचारेपर्यंत ते सुटतं, तेव्हा होकार आधीच घेऊन ठेवा. पैसे भरताना गडबड झाली तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. आधी खात्यातून रक्कम गेली आहे का ते पाहा.

"सोल्ड आउट" म्हणजे खरंच संपलं का?

बऱ्याचदा नाही. स्टेज, स्पीकरचे मनोरे, कॅमेरे आणि मिक्सिंगची जागा किती पसरणार हे आधी पक्कं नसतं, म्हणून आयोजक काही आसनं राखून ठेवतात. प्रत्यक्ष उभारणी झाल्यावर त्यातली मोकळी झालेली आसनं विक्रीला येतात. कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांत आणि खुद्द त्या दिवशी दुपारी अधिकृत पानावर डोकावत राहा. ही आसनं अनेकदा स्टेजजवळची असतात. शिवाय पहिल्या झुंबडीत ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत, त्यांची तिकिटं थोड्या वेळाने आपोआप परत येतात. "संपली" दिसल्यावर वीस मिनिटं तिथेच रेंगाळण्यात शहाणपण आहे.

अनोळखी माणसाकडून तिकीट घ्यावं का?

विक्रेत्याच्या अ‍ॅपमधून तुमच्या नावावर हस्तांतर होत असेल आणि पैसे त्याच यंत्रणेतून जात असतील तरच. स्क्रीनशॉट विकत घेऊ नका. हल्ली अनेक तिकिटांवरचा कोड थोड्या थोड्या सेकंदांनी बदलतो, त्यामुळे दारावर तो स्क्रीनशॉट कोणी वाचतच नाही. कोड न बदलणारा असेल तर आणखी पंचाईत. तेच चित्र पाच जणांना विकलेलं असतं आणि जो आधी पोचतो तो आत जातो. याच कारणाने स्वतःच्या तिकिटाचा फोटो कोडसकट कुठे टाकू नका.

"रिस्ट्रिक्टेड व्ह्यू"चं स्वस्त तिकीट घ्यायला हरकत आहे का?

आडवं काय येतंय त्यावर आहे. खांब किंवा कठडा असेल तर डोळ्यांचं नुकसान, कानांचं फारसं नाही. वर टांगलेली स्पीकरची माळ तुमच्या जागेवरून दिसत असेल तर आवाज स्वच्छ येतो. स्टेजच्या मागच्या बाजूची आसनं मात्र दोन्हीकडून फसवतात.

आधी सगळी गाणी पाठ करून जावं की कोरं जावं?

मधला मार्ग धरा. दोन आठवडे आधीपासून नवा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता, तीन-चार वेळा ऐका. शिवाय त्याच कलाकाराचं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, म्हणजे कोणतं गाणं स्टेजवर लांबतं आणि कुठे लोक गायला लागतात ते कळतं. मोठ्या दौऱ्यात दिवे, स्क्रीनवरची चित्रं आणि धूर हे सगळं गाण्यांच्या क्रमाला बांधलेलं असतं. म्हणून यादी रोज फारशी बदलत नाही. मागच्या दोन-तीन शहरांची यादी पाहिली तर तुमची यादी जवळजवळ हातात येते. आश्चर्य हवं असेल तर ती बघू नका, पण मग "माझं गाणं वाजवलंच नाही" ही तक्रारही नको.

कार्यक्रमाच्या दिवशी हेडफोन कपाटात. दिवसभर तीच गाणी ऐकून गेलात तर रात्री अर्धी भूक मेलेली असते.

गाणं रेकॉर्डिंगसारखं का वाटत नाही?

स्टुडिओत एकाच गायकाचा आवाज दोन-तीन वेळा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचतात. स्टेजवर तो एकटा असतो. दुसरं, रात्रीमागून रात्री दोन-दोन तास गायचं तर गळा टिकवावा लागतो, म्हणून बरेच गायक पट्टी अर्ध्या किंवा एका सुराने उतरवतात. कीबोर्डच्या अ‍ॅपवर मूळ गाण्याचा पहिला सूर वाजवून घरच्या लाइव्ह रेकॉर्डिंगशी ताडून बघा, लगेच समजतं. लयही स्टेजवर चढते, कारण अंगात वारं शिरलेलं असतं. कानातल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारांच्या इअरफोनमध्ये, क्लिक ट्रॅक (ताल मोजणारी टिकटिक) वाजत असेल तर लय बांधलेली राहते. गायक मधेच एका कानातलं मॉनिटर काढतो, ते बहुधा तुम्ही किती जोरात गाताय ते ऐकायला.

उभं कुठे राहावं?

चेहरा बघायचा असेल तर पुढे, गाणं ऐकायचं असेल तर साउंड इंजिनिअरच्या मिक्सिंग कन्सोलपाशी. या दोन्ही इच्छा एकाच जागी क्वचितच पुऱ्या होतात.

मैदानात किंवा हॉलच्या मध्यावर, स्टेजसमोर, कठड्याने वेढलेला एक चौथरा असतो. तिथे बसलेला इंजिनिअर जे ऐकतो त्यावरूनच आवाज बसवतो. त्याच्या समोर दोन-चार पावलांवर किंवा लगेच बाजूला उभे राहा. त्याला जे चांगलं वाटतं तेच तुमच्या कानांवर येईल. अगदी पहिल्या रांगेत मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून पुढे बोलत असतात. तुम्हाला ऐकू येतात ते स्टेजवरचे ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प, गायकाचा आवाज मात्र पातळ. चांगले आयोजक त्यासाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात, पण सगळेच ठेवत नाहीत.

बासची गंमत वेगळीच. सबवूफर, म्हणजे बाससाठीचे मोठे स्पीकर, डावीकडे आणि उजवीकडे असे दोन गठ्ठ्यांत ठेवले असतील तर मधल्या रेषेवर दोघांचा आवाज एकत्र येऊन छाती दणाणते. त्या रेषेवरून बाजूला सरकलात की दोन्ही गठ्ठ्यांपासूनचं अंतर वेगवेगळं होतं. हा फरक पावणेतीन-तीन मीटरपर्यंत गेला की ६० हर्ट्‌झच्या आसपासचे सूर एकमेकांना मारतात आणि बास जणू कोणी काढून घेतल्यासारखा वाटतो. चार पावलं इकडेतिकडे सरकून बघा, परत येतो.

हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे राहू नका, तिथे बास साचतो आणि शब्द बुडतात. बाल्कनीच्या खाली खोलवर गेलात तर वरच्या स्पीकरची थेट वाट अडते आणि झांजांची चमक जाते. स्पीकरसमोर हाताच्या अंतरावर उभं राहणं हे तर निव्वळ वेडेपण आहे.

मागे उभं असताना स्क्रीनवरचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. बिघाड असतो का?

बहुधा नसतो. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर आवाज जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो, प्रकाश मात्र तत्काळ. मैदानात मधे उभारलेल्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात. तसं केलं नाही तर मनोऱ्याचा आवाज आधी, स्टेजचा नंतर, आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. वारा सुटला की आवाज आल्या-गेल्यासारखा होतो, त्यावर मात्र इंजिनिअरकडेही इलाज नसतो.

इअरप्लग घातले तर मजा जात नाही का?

फोमचे स्वस्त प्लग घातले तर थोडी जाते. ते वरचे सूर जास्त आणि खालचे कमी अडवतात, म्हणून गाणं गोधडीआडून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे सूर साधारण सारखेच उतरवतात. व्हॉल्यूमचं बटण खाली केल्यासारखं. उलट अनेकांना शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात, कारण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळलेला असतो.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकणं चालतं. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी. त्या हिशेबाने ८५ डेसिबलला साडेबारा तास, ९० ला चार तास, ९५ ला सव्वा तास आणि १०० ला फक्त २० मिनिटं. हा कोटा पूर्ण आठवड्याचा आहे. कॉन्सर्टमध्ये १०० डेसिबल ही काही अपवादाची पातळी नव्हे. याच संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल मर्यादा, १५ मिनिटांच्या सरासरीने, १०० डेसिबल आहे. म्हणजे उघड्या कानांनी दोन तास ऐकलंत तर सहा आठवड्यांचं रेशन एका रात्रीत फस्त. सुट्टी जवळजवळ तिथेच संपली! तेच प्लगमुळे खरोखर १५ डेसिबल उतरले तर कानात ८५ पोचतात, आणि दोन तासांत आठवड्याच्या कोट्याचा सहावा हिस्साही खर्च होत नाही.

"खरोखर" हा शब्द महत्त्वाचा. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. सैल बसलेला प्लग त्याच्या निम्मंही काम करत नाही.

फोमचा प्लग नीट कसा घालायचा?

हात धुऊन घ्या. अंगठा आणि दोन बोटांत प्लग वळत वळत बारीक, सुरकुती नसलेली कांडी करा. नुसता चिमटीत दाबला तर घडी पडते आणि त्या घडीतून आवाज झिरपतो. आता उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वरच्या टोकाला धरा आणि वर-मागे ओढा. याने कानाची वाकडी नळी सरळ होते. कांडी लगेच आत सरकवा आणि बोटाने अर्धा मिनिट तशीच धरून ठेवा, फुगू द्या. लोक इथेच चुकतात, पाच सेकंदांत बोट काढतात आणि प्लग फुगताना बाहेर सरकतो.

तपासायचं कसं? दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवा आणि काढा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसला. तुमचं स्वतःचं बोलणं पिंपात बोलल्यासारखं घुमायला हवं. काढताना झटका देऊ नका, पिळत हळू ओढा. आणि हे सगळं पहिल्या गाण्याच्या आधी; मधेच घातलेला प्लग उशिरा उघडलेल्या छत्रीसारखा.

कानात दडे बसलेत, बारीक शिट्टी वाजते. काय करू?

शांत जागी जा आणि उरलेला दिवस कानांना पूर्ण सुट्टी द्या. हेडफोन लावून "ऐकू येतंय ना" तपासत बसू नका. थेंब, तेल काही घालू नका. त्रास कानाच्या बाहेरच्या नळीत नसतो. आतल्या शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, त्या थकलेल्या असतात. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतार पडतो. पण मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही, आणि उतार पडला म्हणजे काहीच बिघडलं नाही असंही नाही.

दोन दिवसांनंतरही शिट्टी राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर दोन दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. त्यावरचा उपचार लवकर सुरू झाला तरच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त.

कॉन्सर्ट नसलेल्या दिवशी हेडफोनवर किती ऐकावं?

कोटा तोच आहे, त्यातूनच कापला जातो. कमाल आवाजाच्या साठ टक्क्यांच्या आत राहा. बस-गाडीत बाहेरचा गोंगाट झाकायला आपण नकळत आवाज चढवतो. तिथे नॉइज कॅन्सलिंग किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन खरे कामाचे. अनेक फोन आता आठवड्याचा हिशेब स्वतःच ठेवतात, सेटिंगमध्ये शोधा.

पुढे जाण्याच्या नादात चेंगरण्याची भीती किती?

खरी आहे, आणि फक्त स्टेजपुढेच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कॉन्सर्टला ११ जण गेले ते दारं उघडण्याच्या वेळच्या रेटारेटीत, बाहेर. २००० साली डेन्मार्कच्या रोस्किल्ड फेस्टिव्हलमध्ये ९ जण, २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये १० जण गेले. अशा घटनांत माणसं बहुधा पायाखाली तुडवून मरत नाहीत. छाती फुगायला जागा उरत नाही म्हणून गुदमरतात, कधी कधी उभ्याउभ्याच.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत हलता येतं. पाच-सहाच्या पुढे धोका, सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि तुमची ताकद निरर्थक ठरते. खूण सोपी आहे: हात वर करून चेहऱ्याला लावता येत नसेल किंवा चारी बाजूंनी खांदे लागत असतील, तर आत्ताच निघा, गाणं संपायची वाट बघू नका. निघताना सरळ मागे रेटू नका. लाट पुढे जाऊन ओसरते त्या क्षणी तिरकं, बाजूच्या कडेकडे सरका. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, दोन्ही हात छातीसमोर मुष्टियोद्ध्यासारखे, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते. फोन पडला तर पडला, वाकू नका. कोणी पडलं तर मात्र आधी त्याला उठवायचं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी हात वर करून स्टेजचं लक्ष वेधायचं.

भर उन्हातल्या कार्यक्रमात किती पाणी प्यावं?

दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. मात्र तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून सोबत क्षार-साखरेचं मिश्रण किंवा काहीतरी खारट पोटात जायला हवं. डोकं जड, पोटऱ्यांत गोळे, मळमळ झाली तर सावली, सैल कपडे, ओला रुमाल. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलं, तर तो उष्माघात. वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि कानांच्या वरच्या कडांना विसरू नका. तिथेच पहिलं भाजतं.

फोनवरचं रेकॉर्डिंग फाटकं का येतं?

फोनचा छोटा माइक बोलण्यासाठी जुळवलेला असतो. जोरदार बास आला की सिग्नल वरच्या मर्यादेला आपटतो आणि लाटेचं डोकं छाटलं जातं. तो खरखराट नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही. माइकवर बोट ठेवणं हा उपाय नव्हे, त्याने फक्त वरचे सूर मरतात. हाताने गेन (माइक आवाज किती वाढवून टिपतो ती पातळी) कमी करता येईल असं अ‍ॅप घ्या, आपोआप गेन बंद करा आणि सर्वांत मोठ्या ठोक्याला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. स्पीकरपासून मागे, कन्सोलपाशी उभे राहिलात तर निम्मं काम तिथेच होतं. वेगळा रेकॉर्डर नेत असाल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी जागा लागते.

आधी परवानगीचा नियम वाचा. ग्रेटफुल डेडसारखा बँड १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागाच देत असे, पण हा उदारपणा सगळ्यांकडे नसतो.

फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका येतो. उपाय?

फोन काळोख बघून प्रकाश वाढवतो आणि दिव्याखालचा चेहरा जळतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की बोट खाली ओढून प्रकाश कमी करा. फ्लॅश बंद, तो चार हातांपलीकडे पोचत नाही, पुढच्याचं टक्कल तेवढं उजळतं. एलईडी स्क्रीनवर पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/६० वर ठेवून बघा. लेसरचा झोत कॅमेऱ्याकडे येत असेल तर फोन फिरवा. सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते.

आत नेटवर्क मिळत नाही, मित्र हरवतात.

हजारो फोन मोजक्याच टॉवरवर तुटून पडतात, दुसरं काय होणार. तिकीट घरीच फोनमध्ये उतरवून घ्या. डेटा अडला तरी साधा एसएमएस अनेकदा जातो. त्यात वेळ लिहा, कारण तो अर्ध्या तासाने पोचू शकतो. भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा. "स्टेजच्या उजवीकडे" असं ठरवू नका, कलाकाराची उजवी म्हणजे तुमची डावी. क्रमांक लिहिलेला दिव्याचा खांब सगळ्यांत उत्तम.

एकट्याने जाणं विचित्र दिसतं का?

कोणी बघत नाही. एकटं तिकीट मिळण्याची शक्यता जोडीपेक्षा जास्त, जागाही मनासारखी निवडता येते. कुठे चाललोय आणि परत कधी येणार ते घरी एकाला सांगून ठेवा.

तिकिटाचा कागद आठवण म्हणून जपायचाय.

दारावर छापून मिळणारं तिकीट बहुधा थर्मल कागदावरचं असतं. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा पडून अक्षरं उठतात. म्हणून गरम लॅमिनेशन केलंत तर अख्खं तिकीट काळं होतं. ऊन, पाकिटातली ऊब आणि मऊ प्लास्टिकची पाकिटं यांनीही अक्षरं फिकी पडतात. घरी आल्या दिवशीच स्कॅन करा, मागे पेन्सिलने तारीख आणि पहिलं-शेवटचं गाणं लिहा, आणि साध्या कागदी लिफाफ्यात घालून वहीत, अंधारात ठेवा.